परतूरला न झालेलं व्याख्यान

वाटूरची बेबीनंदा एक्क्याऐंशी साली दहावी पास झाली, तेव्हा तिच्या आईने, गोजरबाईने, सगळ्या वस्तीत गूळ वाटला. पेढे परवडण्यासारखे नव्हते हे खरंच; पण गोजरबाईचं म्हणणं असं की पेढा तोंडात टाकला की संपला, गुळाचा खडा घरी नेता येतो. नवरा कडूबा पोर लहान असतानाच वारला होता. बाई कापूस वेचायला, खुरपायला, जिथं बोलावतील तिथं जायची. अक्षरओळख नव्हती, पण पोरीला शिकवायचं हे तिने एकदा ठरवलं आणि मग कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. स्वतः मात्र ती कधी शाळेच्या आत शिरली नाही. पोरीचा पहिला नंबर आला तरी फाटकाबाहेर उभी राहायची, चप्पल काढून.

पोरगी पुढे औरंगाबादला गेली, वसतिगृहात राहिली, गणितात एम.एस्सी. करू लागली. आणि तिथे, दुसऱ्या वर्षाला असताना, ग्रंथालयातल्या एका जुन्या विज्ञान मासिकाने तिच्या आयुष्याचं भलं केलं की वाटोळं, हे अजून सांगता यायचं नाही.

मासिकात एक लेख होता. एका तळ्यात यंदा इतके मासे आहेत, तर पुढच्या साली किती होतील? नियम एका ओळीचा. मासे जास्त तर पिल्लं जास्त. पण फारच जास्त झाले तर खायला पुरत नाही आणि पुन्हा कमी. एवढंच. बेबीनंदाने मैत्रिणीचा कॅल्क्युलेटर मागून घेतला आणि करून पाहिलं. एक आकडा धरला तर मासे ठरावीक जागी येऊन थांबायचे. दुसरा धरला तर एक साल आड वर-खाली व्हायचे. आणि तिसरा धरला की बेटे काही केल्या ठिकाणावर येईनात! आज इकडे, उद्या तिकडे, कशाचा कशाला मेळ नाही. सुरुवातीला केसभर फरक केला तर काही सालांनी सगळंच निराळं. नियम उघडा, सुरुवात आपण दिलेली, लपवाछपवी कुठेच नाही, तरी पुढचं सांगता येत नाही. लेखात म्हटलं होतं की या नव्या शास्त्राचा हा फक्त एक कोपरा आहे. मुंग्यांची रांग, बाजारातले भाव, आभाळातले ढग, जिथे जिथे पुष्कळ बारके जीव आपापल्यापुरतं करतात आणि त्यातून कुणीच न ठरवलेलं काहीतरी मोठं उभं राहतं, ते सगळं त्यात येतं.

बेबीनंदाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोलीत येऊन तिने मैत्रिणीला सगळं सांगितलं, हातवारे करकरून. मैत्रिणीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "परीक्षेला आहे का?"

नव्हतं. हा प्रश्न पुढे तिच्या पाचवीलाच पुजला गेला.

एम.एस्सी. झाली, आणि वर्षभरात परतूरच्या कॉलेजात तिला गणित शिकवायची नोकरी लागली. गाव तालुक्याचं, स्टेशन असलेलं, कापसाच्या हंगामात गाड्यांनी तुंबणारं. बेबीनंदा स्टेशन रोडला खोली करून राहिली. परतूरने तिला नाव ठेवायला जागा शोधली नाही. लोक वाट सोडून 'नमस्कार म्याडम' म्हणायचे, भाजीवाली चांगली भेंडी निवडून द्यायची. पण मान वेगळा आणि सोबत वेगळी. मान असला की माणसं दोन हात लांबच उभी राहतात, हे बेबीनंदाला पहिल्या वर्षातच कळलं.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. वर्गात मासे सांगितले, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने हात वर केला, तिचा जीव सुपाएवढा झाला, आणि तो म्हणाला, "म्याडम, हे परीक्षेला हाय का?" स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे वसंतराव होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी नशीबच म्हणा की!" आणि पुन्हा महागाई भत्त्याकडे वळले. लग्नासाठी एक स्थळ आलं होतं, बँकेतला मुलगा, स्वभावाने बरा. त्याने विचारलं, आवड कशाची? बेबीनंदा भोळी, तिने खरं सांगितलं. दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण माशांचं काहीतरी बोलते. गोजरबाईने कपाळाला हात लावला. "आगं, सैपाकाची आवड हाय म्हणायचं," ती म्हणाली. "मासे करून घालते म्हणली अस्तीस तरी चाललं अस्तं."

या गोष्टीवर दोघी पोट धरून हसल्या. पण माय वाटूरला परतली की खोलीत हसायला दुसरं कुणी नसायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी बेबीनंदा एका ओट्यावर उभी राहून नुसती बघत राहायची. दुकानं मनाला येईल तशी लागलेली, माणसं हवी तशी घुसणारी, आणि तरी तासाभरात बाजारातून जायची एक वाट आणि यायची एक वाट आपोआप पडलेली असायची. कुणी सांगितलं नाही, दोरी बांधली नाही. तिला वाटायचं, कुणाच्या तरी दंडाला धरून म्हणावं, अहो, बघा! पण दंड कुणाचा धरणार? ती कोथिंबीर घेऊन घरी यायची. एखाद्याला दुखणं सांगायला माणूस नसतं, त्याचं लोकांना कळतं तरी. हिला आनंद सांगायला माणूस नव्हतं, आणि ते फार जड जात होतं.

अशात एक प्रश्न तिच्या मनात धरून बसला. नियम पूर्ण ठाऊक, सुरुवातही ठाऊक, तरी पुढचं कळत नाही. मग हे न कळणं आपल्यातलं की त्या गोष्टीतलंच? आपण जास्त हुशार असतो तर कळलं असतं का? पुस्तकात शोधलं, समाधान झालं नाही. हा प्रश्न जाणत्या माणसाला तोंडाने विचारायचा, त्याच्या डोळ्यांत बघून, आणि तो 'असं बघा' म्हणून पुढे सरसावून बसला पाहिजे. एवढीच तिची हौस. साडी नको, प्लॉट नको.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत विद्यापीठाचं एक पत्रक कॉलेजात आलं. ते तिला भज्यांखाली सापडलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी पसरून ठेवलं होतं. तेलाच्या डागांतून तिने वाचलं: 'जटिल प्रणाली – आगामी व्याख्याने व उन्हाळी अभ्यासक्रम.' खाली विषय. लोकसंख्येतले चढउतार. गर्दीचे नियम. मुंग्या आणि बाजार. बेबीनंदाने भजी बाजूला सारली तेव्हा वसंतराव म्हणाले, "घ्या की म्याडम, लाजू नका."

अभ्यासक्रम मे महिन्यात होता आणि मेमध्ये प्राचार्यांनी तिला सोडणं शक्य नव्हतं. परीक्षांची सगळी कामं तिच्याच गळ्यात, कारण ती एकटी आणि एकट्या माणसाला सुट्टी कशाला लागते, असा कॉलेजचा हिशेब. पण पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं की बोलावणं आल्यास विभागाचे डॉक्टर मोहरीर बाहेरगावच्या महाविद्यालयांत येऊनही बोलतील. बेबीनंदा प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य बद्रीनाथराव हे मनाने लोण्यासारखे, आणि लोण्याला स्वतःचा आकार नसतो. ते लगेच हो म्हणाले.

"सर, एकच विनंती," ती म्हणाली. "ते सकाळच्या गाडीने येणार आणि दुपारच्या गाडीने परत जाणार. सत्कार फक्त पाहुण्यांचा. बाकी वेळ व्याख्यानाला."

"बिलकुल!" बद्रीनाथराव म्हणाले. "बिलकुल तसंच."

आता आपल्याकडचा सत्कार म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळायचं नाही. संस्थेचे अध्यक्ष भुजंगराव यांनी पाहुण्यांना शाल-नारळ दिला. हे झालंच पाहिजे. मग पाहुण्यांच्या हस्ते अध्यक्षांचा सत्कार. नाही केला तर वाईट दिसतं. अध्यक्षांचा केला तर सचिवांनी काय घोडं मारलंय? सचिव झाले तर मार्केट कमिटीचे सभापती पुढच्याच रांगेत बसलेले, त्यांनी कॉलेजला पंखे दिलेले. पंखे डोक्यावर फिरत असताना देणाऱ्याला कसं विसरायचं? मग रोपं देणारे, खुर्च्या देणारे, मंडप फुकट घालणारे. प्रत्येक नावाला बद्रीनाथराव अपराधी चेहऱ्याने बेबीनंदाकडे बघायचे आणि प्रत्येक नावामागे खरंच काहीतरी कारण असायचं. वाईट एकाच्याही मनात नव्हतं. डॉक्टर मोहरीर, साठीकडे झुकलेले, किडकिडीत, जाड चष्म्याचे, मांडीवर शाल, शालीवर नारळ, नारळावर गुच्छ अशी उतरंड सांभाळत बसले होते. भुजंगराव स्वागतपर दोन शब्द बोलायला उठले. त्यांचे दोन शब्द तालुक्यात प्रसिद्ध होते. दोन वाजून गेले तरी ते दुसऱ्या शब्दावर आले नव्हते.

बेबीनंदा पहिल्या रांगेच्या टोकाला बसून घड्याळ बघत होती आणि आतल्या आत जळत होती. तोंडाने मात्र ती प्रत्येक सत्काराला टाळ्या वाजवत होती.

अखेर डॉक्टर मोहरीर उठले. वेळ अर्धा तास उरला होता. त्यांनी प्रस्तावना केली नाही. सरळ फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि तळं काढलं. तळ्यात मासा काढला. पोरं खुदकन हसली. खाली त्यांनी ती एक ओळ लिहिली.

बेबीनंदाला ती ओळ दुसऱ्या माणसाच्या हातची बघून रडू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"इथं कुणी हे कधी करून पाहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं. असं विचारायची रीत असते, उत्तराची अपेक्षा नसते. पण एक हात वर गेला. डॉक्टर थांबले. चष्मा वर सारून त्यांनी बघितलं.

"तुम्ही? कधीपासून?"

"दहा-अकरा वर्षं झाली, सर."

सभागृह हसलं. डॉक्टर हसले नाहीत. खडू टेबलावर ठेवून ते दोन पावलं पुढे आले, जसं माणूस ओळखीचं कुणी दिसल्यावर येतं. "दहा-अकरा वर्षं," ते म्हणाले. "आणि काय दिसलं?"

"सर, मला एक विचारायचंय," बेबीनंदा उठून उभी राहिली, आणि त्याच वेळी मागच्या दाराशी गडबड झाली.

दारात वाटूरच्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र साड्या, हातात झेंडूचे हार. पुढे द्वारकाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष. तिच्यामागे गोजरबाई. झालं असं होतं की आपल्या बेबीने विद्यापीठाचा मोठा साहेब परतूरला आणलाय ही बातमी वाटूरला पोचली होती. आपल्या पोरीच्या बोलावण्यावरून एवढा माणूस येतो, आणि आपण घरात बसायचं? बायांनी वर्गणी काढली, हार केले, एक शाल घेतली, जीप ठरवली. जीप वाटेत बंद पडली म्हणून उशीर झाला. नाहीतर त्या सुरुवातीलाच येऊन बसल्या असत्या.

बद्रीनाथराव वाकून बेबीनंदाच्या कानाशी आले. "म्याडम, तुमच्या आई आल्यात. साहेबांचा आणि तुमचा सत्कार करायचा म्हणतात. नंतर घ्यायचं का? तुम्ही सांगाल तसं." त्या दिवसात पहिल्यांदा बद्रीनाथरावांनी निर्णय तिच्यावर सोपवला, आणि तोही नेमका आत्ता.

बेबीनंदाने मागे वळून पाहिलं. गोजरबाई उंबऱ्याच्या आत आली होती, पण चप्पल तिने बाहेर काढली होती आणि चोरीला जाऊ नये म्हणून एका हातात धरली होती. दुसऱ्या हातात शाल. मंचाकडे बघत होती. पोरीने 'नंतर' म्हटलं असतं तर ती तक्रार न करता बाहेर फाटकापाशी जाऊन उभी राहिली असती. तिला सवय होती.

"घ्या सर," बेबीनंदा म्हणाली.

गोजरबाई मंचावर चढली. आधी पाहुणा, मग घरचं, ही रीत तिला ठाऊक होती. तिने डॉक्टरांच्या हातात नारळ दिला. मग द्वारकाबाईने हार घातला. मग प्रत्येक बाईने आणलेला हार प्रत्येक बाईने घातला, कारण वर्गणी प्रत्येकीने दिली होती. डॉक्टरांचा चष्मा झेंडूत बुडाला. मग बेबीनंदाची पाळी. मायने तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. टाळ्यांनी पत्रे वाजले. त्या टाळ्या पंख्यांच्या सभापतींना पडल्या त्याहून फार मोठ्या होत्या, खऱ्या होत्या. बेबीनंदाला मायचा इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी ती फळ्यावरच्या माशाकडे बघत होती, आणि यातलं एक दुसऱ्याला कमी करत नव्हतं.

"साहेब, गाडी चुकंल!" कुणीतरी ओरडलं. भुजंगरावांची जीप दाराशी लागलीच होती. पाहुण्याला स्टेशनवर वेळेच्या आधी पोचवायचं, यात परतूरने कधी हयगय केली नाही. डॉक्टर हार उतरवत मंचावरून खाली आले. तिच्यापाशी थांबून म्हणाले, "तुमचा प्रश्न राहिला." एवढंच, कारण पुढचं वाक्य सुरू होईपर्यंत चौघांनी त्यांना जीपकडे नेलं होतं.

फळ्यावर मासा तसाच होता. बेबीनंदाकडे आभार प्रदर्शन होतं. तिने आभार मानले: अध्यक्षांचे, सचिवांचे, मंडपवाल्यांचे, वाटूरच्या माता-भगिनींचे. मग राष्ट्रगीत झालं. मग फोटो. मायसोबत, बायांसोबत, मायसोबत एकटीचा, मग अध्यक्षांना घेऊन पुन्हा.

संध्याकाळी बायांना जीपमध्ये बसवून ती मायला घेऊन खोलीकडे निघाली. गोजरबाई पुढे चालत होती, शाल छातीशी धरून. स्टेशनसमोरच्या हॉटेलातून चहावाल्या रामकिसनने बेबीनंदाला हाक मारली.

"म्याडम, तुमचे पाव्हणे लई सज्जन माणूस हो. लई येळ बसले व्हते हितं."

"बसले होते? गाडी नव्हती का?"

"गाडी कवा टायमावर आलीय?" रामकिसनला हसू आलं. "दोन तास लेट. आत्ता गेली की, दिवे लागायच्या थोडी आधी. बाकड्यावर बसले व्हते एकलेच, नारळं घेऊन. मला दोनदा इचारलं, त्या गणिताच्या म्याडम स्टेशनवर येतील का म्हणून."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हणलं, न्हाई साहेब. त्यांचा सत्कार चालू हाय."

परतूरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की दुपारची गाडी वेळेवर येत नाही. भुजंगरावांना, बद्रीनाथरावांना, जीपच्या ड्रायव्हरला, आणि बेबीनंदालाही. इतकी वर्षं त्या गाडीने ती जात-येत होती. पण पाहुणा असला की गाडी वेळेवर येणार असंच धरून चालायचं, हीसुद्धा रीतच, आणि ती पाळताना तिच्याही डोक्यात आलं नाही. स्टेशन कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिने रामकिसनला 'बरं' म्हटलं आणि मायच्या मागे चालू लागली.

पुढच्या वर्षी पत्रक आलं तेव्हा त्यावर डॉक्टर मोहरीरांचं नाव नव्हतं. ते दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थेत गेले म्हणे. एका मेमध्ये हट्टाने रजा घेऊन बेबीनंदा अभ्यासक्रमाला जाऊनही आली. तिथे सगळे तरुण, प्रत्येकापुढे संगणक, मासे क्षणात पडद्यावर नाचत होते. तिने प्रश्न विचारला. शिकवणारा मुलगा हुशार होता, त्याने चांगलं उत्तर दिलं, एका संदर्भाचं नाव सांगितलं आणि घड्याळ बघितलं. दोन पावलं पुढे कुणी आलं नाही.

गोजरबाई थकल्यावर परतूरला लेकीकडेच राहायला आली. ती शाल तिने एकदाही पांघरली नव्हती. ट्रंकेत सगळ्यात वर असायची. आल्या-गेल्याला ती सत्काराची गोष्ट सांगायची आणि दर खेपेला टाळ्या वाढायच्या. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी बेबीनंदा पेज भरवत होती, तेव्हा म्हातारी मध्येच थांबली.

"बेबे, एक इचारू का? लई दिसांपासून मनात हाय."

"इचार की माय."

"त्या दिशी त्यो साहेब फळ्यावर काईतरी सांगून राह्यला व्हता. तू उभी व्हतीस, तोंड कसं उजाडलं व्हतं तुझं. तसं तोंड म्या तुझं कवा बघितलं न्हाई. अन् आमी आलो." ती जरा दमली. "आमच्यामुळं तुझं काई ऱ्हायलं तर न्हाई ना? न्हाई तर मंग तू त्याला स्टेशनवर गाठलं असंलच, त्यो गाडीपातुर बोलला असंल तुझ्याशी?"

बाहेर स्टेशनवर कुठलीशी गाडी उभी होती. बेबीनंदाने चमचा वाटीत ठेवला, मायच्या ओठांवरची पेज पदराने पुसली.

"गाठलं की," ती म्हणाली. "गाडी दोन तास लेट व्हती, माय. बाकड्यावर बसून लई बोललो आमी."

"मंग झालं," गोजरबाई म्हणाली, आणि तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघू लागली.